ऑर्डरीची शेवटची ओळ

२०२५च्या जुलैत टीसीएसनं बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं आणि हिंजवडीत मुखसामुद्रिकाला एकदम बरे दिवस आले. जो तो साहेबाचं तोंड वाचायला लागला. एरवी खेकसणारा साहेब आज ‘घरी सगळे बरे ना’ म्हणाला, म्हणजे काहीतरी शिजतंय. मीटिंगचं बोलावणं आलं नाही. ‘तुझं काम जरा सविस्तर लिहून काढ, टीमला उपयोगी पडेल’ असा प्रेमळ मेल आला. एचआरची बाई लिफ्टमध्ये मोबाइलात डोकं घालून उभी राहिली. मग रात्री अडीचला बायकोला हलवून उठवायचं, ‘अगं, तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.’

हे सगळं जव्हारच्या एसटी स्टँडसमोर चहा पिता पिता वाचलं की पुणेकरांची कीव येते. एवढी शिकलेली माणसं आणि तोंडं कसली वाचतात? इकडे जव्हार-मोखाड्यात नोकरीला लागलेला माणूस साहेबाच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. तो ऑर्डर वाचतो, आणि तीही खालून वर.

खालून वर वाचण्याचं कारण असं की वरच्या भागात फक्त अभिनंदनाची हवा असते. संदर्भ क्रमांक एक ते सात, मग आपलं नाव, मग ‘नियुक्ती देण्यात येत आहे’. घरचे एवढंच वाचतात आणि पेढे आणायला पळतात. खरी नोकरी अटी व शर्तींत असते. सदर नियुक्ती निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची राहील. या नियुक्तीच्या आधारे कायम सेवेचा कोणताही हक्क सांगता येणार नाही. तसं हमीपत्र स्टँपपेपरवर द्यावं लागेल. आणि शेवटची ओळ: कोणतीही पूर्वसूचना न देता सेवा समाप्त करण्यात येईल. म्हणजे काढल्याची बातमी लागल्याच्याच कागदावर. दोन टपालांचा खर्च वाचला. हिंजवडीवाले ज्या चिन्हांच्या शोधात झोप घालवतात ती आमच्याकडे जावक क्रमांक टाकून, सही-शिक्क्यानिशी, पहिल्याच दिवशी हातात देतात. याहून पारदर्शक कारभार कुठल्या कंपनीत आहे?

जव्हारनं नोकरकपात तशी फार वरच्या पातळीवर पाहिली आहे. १९४८ साली संस्थान विलीन झालं, तेव्हा राजाचंच पद गोठवलं गेलं. पण त्या कपातीत एक सभ्यपणा होता. संस्थानिकांना तनखा ठरवून दिला आणि तो राज्यघटनेत लिहून ठेवला. पुढं १९७१ साली घटनादुरुस्ती करून तोही बंद केला. राजांना लेखी दिलेलं जिथं तेवीस वर्षं टिकलं, तिथं तासिका तत्त्वावरच्या गुरुजींनी अकरा महिन्यांवर समाधानी असायला हरकत नसावी.

आता गुरुजींचंच बघू. जव्हारला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे आणि त्याच्या हाताखाली आश्रमशाळा आहेत. राज्यभरातल्या अशा शाळांत कायम शिक्षकांच्या जोडीला रोजंदारीवरची आणि तासिकेवरची माणसं वर्षानुवर्षं काम करत आली. शिक्षक, स्वयंपाकी, कामाठी. मूल तापानं फणफणलं की रात्री दवाखान्यात नेणारा बहुधा यांच्यातलाच असतो, कारण तो नाही म्हणू शकत नाही. दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडायची, दर वर्षी नव्यानं ऑर्डर, मध्ये उन्हाळ्याचा खंड. आदिवासी विकास किती हळूहळू चालतो, पण हा खंड मात्र कधी चुकत नाही.

अशा माणसाला यंदा आपलं काय होणार हे कळतं ते कार्यालयातल्या खिडकीशी. कुठल्याही कार्यालयात हा संवाद ऐकायला मिळेल.

‘भाऊसाहेब, यंदाची ऑर्डर?’

‘निघेल की सर.’

‘मागच्या आठवड्यात पण निघेलच म्हणालात.’

‘वरून मार्गदर्शन मागवलंय.’

‘मागच्या वर्षी नव्हतं मागवलं.’

‘मागच्या वर्षी गरज नव्हती, सर.’

जाणकार इथंच सायकलवर टांग मारतो. ‘निघेल’ म्हणजे खरोखर निघेल. ‘फाईल टेबलावर आहे’ म्हणजे उशिरा, पण निघेल. ‘मार्गदर्शन मागवलंय’ म्हणजे मार्गदर्शन येणार नाही आणि ऑर्डरही नाही. ‘धोरणात्मक निर्णय आहे सर, आपल्या हातात काय’ असं आलं की शिकवणीचे वर्ग काढायला खोली बघावी. आणि भाऊसाहेबांनी स्वतःहून ‘तुमचं शिक्षण काय हो सर, दुसरीकडे पण फॉर्म भरत राहा’ म्हटलं, तर यादी तयार असून ती त्यांनी स्वतः टाइप केली आहे.

२०२५च्या मे महिन्यात धोरणात्मक निर्णय झालाच. शासकीय आश्रमशाळांतली १७९१ पदं बाह्यस्रोतानं, म्हणजे खाजगी एजन्सीमार्फत भरायची. मुलं तीच, फळा तोच, फक्त गुरुजी पुरवठादाराकडून. जुलैत या माणसांनी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडलं. तवा, स्टोव्ह, लेकरं घेऊन, भर पावसात. वर्षानुवर्षं शिकवतोय, आम्हालाच घ्या, एवढंच म्हणणं. त्यावर शासनाकडे जे उत्तर होतं ते इतकं शास्त्रशुद्ध होतं की खोडायची सोय नाही: नेमणुकीच्या आदेशात तसं लिहिलंच होतं. शेवटची ओळ पाहा.

यातली मौज कळायला दोन वर्षं मागं जायला हवं. ६ सप्टेंबर २०२३ला राज्य सरकारनं एजन्स्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला. पोरं रस्त्यावर आली. ऑक्टोबरात तो निर्णय रद्द झाला, आणि हे सगळं पाप आधीच्या सरकारचं असल्याचंही त्याच पत्रकार परिषदेत सांगून झालं. आधीच्यांनी अर्थातच ते यांचं असल्याचं सांगितलं. पापाची मालकी कुणाकडेच कायम नाही, तीही कंत्राटावर फिरते.

तुम्ही म्हणाल, कायदा नावाची काही चीज आहे की नाही? आहे ना. १९४७चा औद्योगिक विवाद कायदा २०२५पर्यंत सांगत होता, वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला काढायचं तर महिन्याची लेखी नोटीस, तीत कारण, आणि झालेल्या दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून. हा २४० आकडा वाचून देशातल्या समस्त आस्थापनांनी काय केलं असेल? मोजायला शिकल्या. दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी माणसाला मायेनं सांगायचं, ‘चार दिवस गावाला जाऊन या.’ गावाहून आला की तो नवा. अनुभव जुना, नोकरी नवी. माणसाला असं वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणाच्या हक्कापासून लांब ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं महाराष्ट्राच्याच १९७१च्या कायद्यात लिहिलं आहे. तो कायदा छापील स्वरूपात मिळतो.

पण गुरुजींनी यातल्या कशालाच हात लावायचा नाही. कारण ते कामगार नव्हेत. १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या दाव्यात सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की शिक्षण हे एक व्रत आहे, उदात्त कार्य आहे, तेव्हा शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार ठरत नाही. व्रतस्थाला नोटीस कसली आणि भरपाई कसली? आपल्या राज्याच्या शिक्षकभरतीच्या पोर्टलचं नावही ‘पवित्र’ आहे, हे काही उगीच नाही. आणि एवढ्यातूनही कुणी दहा वर्षांची हजेरी घेऊन कोर्टात गेलाच, तर सरकारी वकील पहिल्या वाक्यात उमादेवी प्रकरण काढतात. २००६चा हा निकाल सांगतो की मागच्या दारानं आलेल्यांना पुढच्या दारानं कायम करता येणार नाही. मागचं दार बांधलं कुणी, त्याची किल्ली कुणाच्या खिशात होती, हा प्रश्न त्या वाक्यात मावत नाही.

सगळ्यात सुबक कपात मात्र २०२४च्या योजनेतली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा. ग्रामपंचायतीत, शाळेत, तलाठी कार्यालयात पोरं बसली आणि नोकरीला लागल्यासारखी वागायला लागली. सहा महिने. मग ओरड झाली म्हणून आणखी पाच. अकरा महिने झाल्यावर त्यांना काढलं का? छे. त्यांचं प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण झालं. प्रमाणपत्र मिळालं. हिंजवडीतल्या एचआरनं इथं अभ्यासदौरा काढावा, अशी माझी नम्र सूचना आहे. एवढी माणसं घरी पाठवली आणि प्रत्येकाच्या हातात अभिनंदनाचा कागद!

कायम शिक्षकाचं बरं आहे, असं कुणाला वाटेल. त्याची नोकरी जात नाही हे खरं. त्याचं पद जातं आणि मग तो ‘अतिरिक्त’ होऊन फिरतो. त्याची चिन्हं आकाशात दिसत नाहीत, हजेरीपटात दिसतात. सप्टेंबर संपत आला की मोखाड्याच्या पाड्यापाड्यांवर गुरुजी मुलं गोळा करताना दिसतील. शेतावरून, ओढ्यावरून, मामाच्या घरून. कारण ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर होतात. मार्च २०२४च्या शासन निर्णयानं तर वीसच्या खाली पट गेला की सहावी ते आठवीला शिक्षकच मंजूर न होण्याची पाळी आली. तारीख मात्र सरकारनं चांगली निवडली आहे. भात-नागली शेतात उभी, म्हणून आईबाप घरी, म्हणून पोरं पटावर. दिवाळी झाली की तीच घरं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर, नाहीतर बांधकामांवर जातात, आणि पोरं टेंपोत भांड्यांच्या मध्ये बसून त्यांच्याबरोबर. सरकार मोजतं तेव्हा पोरं असतात, शिकवायची वेळ येते तेव्हा नसतात. पट मंजूर, वर्ग रिकामा. गुरुजींनी म्हणूनच साहेबाच्या तोंडाऐवजी भट्टीच्या मुकादमाच्या टेंपोकडे लक्ष ठेवावं. तो दसऱ्याआधीच पाड्यावर घिरट्या घालायला लागला, तर पुढच्या वर्षाचं समायोजन कुठं होतंय याची चौकशी सुरू करायला हरकत नाही.

मग ही माणसं गावातच का राहत नाहीत? इथं रोजगाराची हमी आहे ना? आहे, आणि ती महाराष्ट्राचीच देणगी आहे. १९७२च्या दुष्काळात वि. स. पाग्यांची योजना कामी आली, १९७७ला विधिमंडळानं कायदा केला, २००५ला दिल्लीनं तो उचलला. काम मागायचं, पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारभत्ता मागायचा. त्यासाठी नमुना चार भरायचा आणि त्याची पोच घ्यायची. इथं कामाचा ठणठणाट येणार आहे हे ओळखायची एकच खूण आहे: ग्रामरोजगार सेवक नमुना चार घेतो, पोच देत नाही. पोच दिली की तारीख लागते, तारीख लागली की भत्ता लागतो. ‘राहू दे इथं, साहेब आले की बघू’ म्हणाला की समजायचं, यंदा भट्टी. त्याच्यावर रागवण्यात अर्थ नाही. तो स्वतः मानधनावर आहे.

२०२५-२६ला हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. हजेरीचा फोटो दिवसातून दोनदा मोबाइलवर चढवायचा, आणि मोखाड्यात रेंज शोधायला टेकडी चढायची. टेकडीची मजुरी वेगळी धरत नाहीत. २०२५च्या डिसेंबरात संसदेनं हमीच्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. शंभराचे सव्वाशे दिवस झाले म्हणून टाळ्याही झाल्या. त्याच कायद्यात अशी सोय आहे की पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येतील, म्हणजे शेतमालकांना मजूर मिळावेत. हमीलासुद्धा ब्रेक द्यायची ही कल्पना मला फार आवडली. ज्यानं कुणी ती सुचवली त्यानं आयुष्यात कधीतरी रोजंदारीची हजेरी सांभाळलेली असणार.

थोडी शिकलेली पोरं मग तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जातात. बोईसरला एका खोलीत सहा जण, दोन पाळ्यांत झोपायचं. कारखाना एक आणि ठेकेदार दुसरा, म्हणजे काम ज्याचं करायचं त्याचे आपण कुणी नव्हेत. यांच्या गळ्यात लॅमिनेशन केलेलं कार्ड असतं. फोटो तोच, दोन वर्षांपूर्वीचा, मिसरूड फुटतानाचा. हुद्दा तोच, ‘हेल्पर’. वरचं ठेकेदाराचं नाव मात्र नवीन. कार्ड बदलताना सुपरवायझर सांगतो, ‘काही नाही रे, फक्त फर्म बदललीय.’ त्या ‘काही नाही’मध्ये मागच्या दोन वर्षांची नोकरी जाते. ही खूण साहेबाच्या तोंडापेक्षा भरवशाची आहे. दुसरी खूण भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात असते. ते मोबाइलवर दिसतं, आणि या एकाच बाबतीत मी पोरांना उपदेश करतो: रील्स बघताय तसं महिन्यातून एकदा तेही बघा. पगारातून कापलेले पैसे दोन-तीन महिने तिथं पोचलेच नसले तर ठेकेदाराचं काही खरं नाही. खात्याखाली नवा मेंबर आयडी उगवला असेल तर जुन्या फर्मची चिता पेटली आणि आपण सती गेलो. ओव्हरटाइम बंद झाला, कँटीनचं जेवण पातळ झालं, स्टोअरमधून हातमोजे मिळेनासे झाले, ही नंतरची चिन्हं. ती दिसेपर्यंत हुशार पोरं दुसऱ्या गेटवर उभी असतात.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाल्या. आधी शंभर कामगारांच्या कारखान्याला माणसं काढण्याआधी सरकारची परवानगी लागायची, आता तीनशेंच्या कारखान्याला लागेल. नव्याण्णव माणसांवर अडखळलेल्या मालकांना आता दोनशे नव्याण्णवपर्यंत मोकळं रान. जव्हार-मोखाड्यात तीनशे माणसं एका जागी बघायची तर बोहाड्याच्या उत्सवाला जावं लागतं, आणि तिथंही सोंग नाचवणाऱ्याला कुणी नेमणुकीचा आदेश देत नाही. त्यामुळं या कलमावर आमच्याकडे फारशी चर्चा झाली नाही.

सगळ्या मालकांत उरतो तो वीटभट्टीचा शेठ. त्याच्यावर फार टीका होते, पण त्याच्या भरतीची पद्धत तरी बघा. ना पोर्टल, ना परीक्षाशुल्क, ना जातपडताळणी. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम आपण होऊन पाड्यावर येतो, दारात बसतो, ‘काय रे, यंदा किती उचल लागेल?’ म्हणून विचारतो आणि रोख मोजतो. पोरीचं लग्न, म्हातारीचं दुखणं, पावसाळ्यात खाल्लेलं उसनं धान्य, सगळं त्या उचलीत बसवायचं. हिंजवडीत याला जॉइनिंग बोनस म्हणतात आणि तो मिळाला की फोटो टाकतात. भट्टीवर दर आठवड्याला बाजारापुरती खर्ची. मजुरी हजारी विटांवर. नवराबायको पहाटे तीनला चिखलात उतरतात, पोरगं ओल्या विटा उलटतं. अवकाळी पाऊस पडून कच्च्या विटा विरघळल्या तर त्या हजारात धरत नाहीत. पाऊस पडला तो मजुराच्या नावावर.

पहिला पाऊस आला की भट्टी बंद आणि हिशेब. शेठच्या वहीत सगळं असतं. उचल, खर्ची, मध्ये आणलेलं औषध, सणाला घेतलेलं लुगडं. त्यातून विटा वजा. मजुराला वाचता येत नसलं तरी बेरीज काय येणार हे त्याला दिवाळीपासून माहीत असतं: ‘फिटली नाही. बाकी पुढल्या सालाला.’ म्हणजे पुढल्या सालाची नोकरी पक्की. कामगिरीचा आढावा नाही, पट नाही, २४० दिवसांची भानगड नाही. बाप थकला तर बाकी पोराच्या नावावर चढते, म्हणजे अनुकंपा तत्त्वावरची नेमणूकही आलीच. आश्रमशाळेत, ग्रामपंचायतीत, तारापूरला जी कायम नोकरी सापडत नाही ती इथं बिनतक्रार मिळते.

श्रमजीवी संघटनेसारखी मंडळी गेली चाळीसेक वर्षं या भागात वेठबिगारीविरुद्ध झगडतायत, त्यांच्याकडे नाना तऱ्हेची गाऱ्हाणी येतात. भट्टीवाल्यानं कामावरून काढलं, असं गाऱ्हाणं मी तरी ऐकलेलं नाही. तिथून माणसाला सोडवण्यासाठीच १९७६ साली कायदा करावा लागला.